पाणंदीतला चर

रविवार, ८ डिसेंबर २०२४

सुकन्या,

वर काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, वैष्णवीकडून घेतला. तिच्यावर रागावू नको. मी तिच्या दारात तासभर बसून राहिले, उठलेच नाही, तेव्हा बिचारीनं दिला. सांगलीला जाताना तू म्हणालीस, मला फोन करू नको. पत्र लिहू नको असं म्हणाली नव्हतीस.

एकच विचारायचं आहे. तो सायकलवाला माणूस तू पाठवलास का?

पंधरा दिवसांत तीनदा आला. पन्नाशी उलटलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावर हेल्मेट. सायकल आपल्याकडची नाही. टायर जाड, खाचाखाचांचे, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम मुरमातून जातो. कॅनॉलच्या कडेनं येतो, ओढ्यात उतरतो, मग आपल्या पाणंदीला लागतो. मध्येच थांबून वहीत लिहितो, फोटो काढतो. परवा तर खाली बसून मूठभर मुरूम हातात घेऊन चाळत होता. असा माणूस कुणी पाहिलाय का?

गावात ज्याचं त्याचं निराळं. कुणी म्हणतं तहसीलचा आहे, कुणी म्हणतं नव्या रस्त्यासाठी जमिनी मोजतोय. धुळाजी मेंढरं घेऊन गेलता, त्यानं जवळून पाहिलं. तो म्हणतो, विहिरीवरच्या मोटारी हेरून ठेवतोय. तुझा चुलतभाऊ रविराज काहीच म्हणत नाही. नुसता बघत राहतो. त्याचं गप्प राहणं मला आवडलं नाही. आपल्या गोदागंगेतली वाळू अजून चोरून निघते, त्याचेच ट्रॅक्टर असतात. ते पलीकडच्या गाडीवाटेनं जातात, पण आपली पाणंद खाली काठावर जिथं निघते तिथून भराई सगळी दिसते. हे तुला सांगायला नको.

शेवटच्या वेळी त्यानं शेतातल्या आखाड्यावर, आपल्या खोपीशी पाणी मागितलं. तांब्या परत देताना म्हणाला, "इथून येड्या बाभळीतून खाली गंगेपर्यंत वाट हाय ना?"

ती वाट बाहेरच्या माणसाला कशी ठाऊक? तूच जायचीस तिथून. तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेत तू वाळूचं बोललीस, तेव्हाही त्याच वाटेनं जाऊन सगळं पाहून आलेली होतीस. आबांनी, तुझ्या सख्ख्या बापानं, तुझ्यावर सगळ्यांसमोर हात उचलला. मी तिथंच होते. ते असू दे.

पण तू पाठवला असशील तर सांग. म्हणजे मला काय बोलायचं आणि काय नाही ते कळेल.

आई


शनिवार, २१ डिसेंबर

सुकन्या,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं की नाही? बाजारच्या दिवशी तलवाड्याला गेलते तेव्हा पोस्टात विचारलं. ते म्हणाले, आलं असतं तर दिलं असतं. मला वाटलं, तुझ्या आबांनी मधल्यामध्ये घेतलं असेल. त्यांच्या सदऱ्याचे खिसे पाहिले. काही नव्हतं.

सायकलवाला परवा परत आला. या वेळी मीच हाक मारली, चहा टाकला. म्हणलं, समोर बसवून विचारावं.

"कुठल्या खात्याचे तुमी?"

"कुठल्याच न्हाई, अक्का. विश्वेश्वर माझं नाव. चौसाळ्याला आमचं भांड्याचं दुकान हाय."

"मग हे लिहून घेता ते कशासाठी?"

"सायकलीसाठी. ज्या वाटंला गाड्या न्हाईत, अशा वाटा हुडकतो."

"कावून?"

हसला तो. म्हणाला, "दोन वर्षांमागं छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. चौसाळ्यातून बाहेर पडलं की हायवे. ट्रकवाल्यांनी दोनदा रस्त्याखाली घातलं. तवापासून डांबर सोडलं बघा."

मला पटलं नाही. भांड्याचं दुकान टाकून माणूस धुरळा खायला इतक्या लांब येईल का? मग त्यानं वही दाखवली. मांजरेच्या काठापासून सुरुवात आहे, मग सिंदफणा, मग आपली गंगा. नुसत्या कच्च्या वाटा, हातानं काढलेल्या. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं. 'मुरूम चांगला.' 'इथं खडी सुटी, उतरून चालावे.' 'हापसा चालू.' 'कुत्री आहेत पण नुसती भुंकतात.' सिंदफणेच्या एका वळणावर लिहिलं होतं, 'दोन तास एकही माणूस भेटला नाही. पाणकावळे.'

आणि आपल्या पाणंदीवर लिहिलं होतं, 'सावली. दोन्ही बाजूंनी बाभळी जुळलेल्या. आवाज नाही.'

अडतीस वर्षं मी त्या पाणंदीनं डोक्यावर पाटी घेऊन जाते. सावली आहे हे खरं. पण असं कुणी लिहून ठेवेल असं वाटलं नव्हतं.

खाली गंगेपर्यंतचा तुकडा तेवढा राहिलाय म्हणाला. येत्या गुरुवारी, सव्वीस तारखेला सकाळी सातच्या सुमारास तलवाड्याकडून येऊन तो पुरा करणार. मग वाट नीट जुळली की दहा-बारा सायकलवाले घेऊन येणार. मी म्हणलं, या.

संध्याकाळी तुझ्या आबांनी विचारलं, "काय बोलला तो?" मी म्हणलं, पाणी पिऊन गेला.

माणूस लबाड वाटला नाही. पण लबाड माणूस लबाड वाटतच नाही, हेही आहेच.

आई


रविवार, २९ डिसेंबर

सुकन्या,

सायकलवाला पडला. जिवंत आहे.

गुरुवारी सकाळी मी तुरीत होते. लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. धावत गेले. पाणंद येड्या बाभळीत वळते ना, तिथं आडवा चर खणलेला. दोन हात रुंद, माझ्या कमरेएवढा खोल. वर उसाचं पाचट पसरलेलं होतं, ते त्याच्या अंगाखाली गेलेलं. सायकलचं पुढचं चाक वाकडं होऊन आभाळाकडं.

"अक्का, पाय हलंना," म्हणाला. ओरडलासुद्धा नाही. तोंड पांढरंफटक पडलेलं.

मी धुळाजीला हाका मारल्या. तो आला, आणखी दोघं आले. आखाड्यावरची बाज आणली, तिच्यावर घालून जीपपर्यंत नेलं. बीडला दवाखान्यात ठेवलाय. खुबा मोडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. पोलिसांना त्यानं सांगितलं, मला चर दिसला नाही. त्यांनी अपघात लिहिला.

तुझे आबा म्हणाले, "पाइपलाइनसाठी खणलेला चर हाय. बघून चालवावं माणसानं."

पण पाइप कुठं आहेत? आपली विहीर दुसऱ्या अंगाला. तिथून पाणंदीकडं पाणी न्यायचं तरी कुठं? आणि आपला ऊस पलीकडच्या शिवारात. पाचट चालत आलं का?

मला रविराजवर संशय आहे. जेसीबी त्याच्याच ओळखीच्या माणसाचा. तो गुरुवारपासून माझ्या नजरेला नजर देत नाही. परवा चौकात भेटला तर म्हणाला, "काकू, लई ताण घेऊ नका. बाहेरचा माणूस, बरा झाला की जाईल."

एक गोष्ट लिहू का नको असं चाललंय. लिहितेच. गुरुवारी दुपारी तुझ्या आबांची मोटारसायकल पुसायला घेतली. मागच्या कॅरिअरच्या जाळीत उसाच्या पाचटाची दोन पाती अडकलेली होती. मी ती काढली आणि चुलीत घातली.

कुणाला सांगू नको. सांगशील तरी कुणाला.

आई


सोमवार, ६ जानेवारी २०२५

सुकन्या,

आज मी तुझ्या आबांना विचारलं. ते जेवत होते. विचारायचं नव्हतं, पण ते म्हणाले भाकरी करपली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"चर कुणी खणला?"

"सांगितलं ना एकदा."

"पाइप दाखवा मला."

हात थांबला त्यांचा. मग म्हणाले, "रविराजनं मशीन आणली. मी न्हाई म्हणलो न्हाई, एवढंच. तो माणूस रोज काठाकडं चाललाता. उद्या फोटो कुठं गेले असते, माहीत हाय का तुला? म्हणलं, चर बघंल, मागं फिरंल. माणूस मोडावा म्हणून केलं व्हय?"

"मागं फिरवायचं होतं तर वर पाचट कावून टाकलं?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मी थांबले. लई वेळ थांबले. त्यांना वाटलं असावं, मी उठून जाईन, नेहमीसारखी.

मग ते हळूच म्हणाले, "आणि गुरुवारी येणार, सातला येणार, हे कुणी सांगितलं?"

आता तुला खरं लिहिते. एकवीस तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं की मी त्यांना म्हणाले, पाणी पिऊन गेला. ते खोटं होतं. मी सगळं सांगितलं. वार सांगितला, वेळ सांगितली, कुठून कुठं जाणार ते सांगितलं.

त्या संध्याकाळी ते माझ्याशेजारी येऊन बसले होते. तू गेल्यापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. तुझं नाव नको म्हणून मला 'सुकन्येची आई' म्हणायचंही सोडून दिलं, नुसतं 'अगं ए' म्हणतात. त्या दिवशी शेजारी बसले, गुडघा दुखतोय का विचारलं. मग म्हणाले, काय म्हणत होता गं तो. आणि मी सांगत गेले. वाटलं, ऐकून घेतील, म्हणतील साधा माणूस आहे, जाऊ दे त्याला. मला वाटलं मी त्याचं भलंच करतेय.

हेही अर्धंच. बुधवारी दुपारी पाणंदीकडून जेसीबीचा आवाज मी ऐकला होता. तुरीच्या शेंगा तोडत होते. माझ्या मनात आलं, तिकडं काय काम असेल? उठून बघायला शंभर पावलं होती. मी शेंगा तोडत राहिले.

ग्रामसभेतसुद्धा मी असंच केलं. आबांनी तुला मारलं आणि मी तुलाच म्हणाले, माफी माग. तुझं खरं होतं हे मला तेव्हाच माहीत होतं.

आई


सोमवार, १३ जानेवारी

सुकन्या,

शनिवारी बीडला जाऊन आले. घरी सांगितलं, डोळे दाखवायचेत. एसटीत सगळा वेळ वाटत होतं, मागं कुणीतरी ओळखीचं बसलंय. दोनदा वळून पाहिलं. नव्हतं कुणी.

दवाखान्यात त्याची बायको दारातच उभी राहिली. रुद्राणी तिचं नाव. ठेंगणी, डोळे जागून लाल झालेले.

"तुमी कोण?"

"त्या शिवारातली हाय मी. आखाड्यावरची."

"मग आता काय बघायला आलाव? किती मोडलं ते?"

आतून तो म्हणाला, "येऊ दे गं. यांनीच बाहेर काढलं मला."

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. उभ्यानंच सगळं सांगितलं. चर कुणी खणला, पाचट कुणी टाकलं. वार नि वेळ कुणी सांगितली तेही. पाचटाची पाती जाळली तेही. बोलताना मी त्याच्या पायाला बांधलेल्या वजनाकडं बघत होते.

रुद्राणी म्हणाली, "तुमच्या हातचा च्या पिऊन आलते हे. घरी येऊन मला म्हणले, लई चांगली माणसं हायती गंगेकडची." मग ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मी हात जोडले. त्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता शिव्या देईल. बरं वाटलं असतं. पण तो म्हणाला, "चर बुजवला का?"

"न्हाई."

"सोळा दिवस झाले, अक्का. त्या वाटंनं मेंढरं जातात, बायका कामाला जातात."

सुकन्या, मला हे सुचलंच नव्हतं. मी सोळा दिवस कुणी खणला, कुणाला कळलं, कोण माझ्याकडं कसं बघतंय, एवढ्यातच होते. चर तसाच उघडा पडला होता आणि मी रोज त्याच्या बाजूनं वळसा घालून जात होते.

"माफीचं मी काय करू?" तो म्हणाला. "माझ्यानं आता सायकल व्हती का न्हाई, डॉक्टर सांगंना. तुमाला काही करायचंच असंल तर पोलिसात जाऊन हे जसंच्या तसं सांगा. आणि आता बुजवू नका. आधी त्यांना दाखवा, पाचटासकट. तवर दोन्हीकडून काहीतरी बांधा, दिसंल असं."

निघताना मी विचारलं, "ती बाभळीतली वाट तुमाला कशी कळली? सुकन्या नावाची मुलगी ओळखता का?"

"कोण सुकन्या?" म्हणाला. "मोबाइलच्या नकाशात वरून दिसती की वाट. बारीक रेघ हाय."

तुझ्यावर उगीच संशय घेतला मी. इतके दिवस तुझं पत्र येत नाही म्हणूनही आबांवर संशय घेत होते. त्यांनी काही लपवलं नव्हतं. तू लिहिलंच नव्हतंस.

काल दोन काठ्या रोवल्या चराच्या अल्याड, दोन पल्याड. त्यांना माझं लाल लुगडं फाडून बांधलं. आबांनी पाहिलं. वळसा घालून निघून गेले.

आई


रविवार, १९ जानेवारी

सुकन्या,

बुधवारी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मी तलवाड्याला ठाण्यात गेले. जमादारांनी लिहून घेतलं, म्हणाले उद्या येऊन पंचनामा करू. बाहेरच्या चहाच्या टपरीवर आपल्या गावचे तिघे होते. त्यांनी मला पायऱ्या उतरताना पाहिलं. तेव्हाच मला कळलं, उद्यापर्यंत चर राहायचा नाही.

म्हणून गुरुवारी उजाडताच भाकरी बांधून घेतली नि जाऊन चरात बसले.

दहाच्या सुमारास जेसीबी आला. पुढं रविराज, मोटारसायकलवर. मला आत पाहून आधी त्याला काही कळेचना.

"काकू, वर या. बुजवून टाकतो. कुणी पडायला नको."

"आज आठवलं व्हय?"

"काकू, उगी तमाशा करू नका. पाहुण्यारावळ्यांत तोंड दाखवायचंय आपल्याला."

"पंचनामा झाल्यावर बुजव. मीबी माती लोटू लागते."

त्यानं ड्रायव्हरला हात केला. मशीनचं खोरं वर उचललं गेलं, मातीचा ढीग घेऊन माझ्या डोक्यावर आलं. मला भीती वाटली. लई वाटली. खोटं कशाला सांगू, मी एका हातानं चराची कड धरली होती, उडी मारून निघता यावं म्हणून. पण ड्रायव्हर खाली बघत होता आणि त्याचा हात पुढं होईना.

तेवढ्यात तुझे आबा आले. धुळाजीनं सांगितलं असावं. चराच्या तोंडाशी उभे राहिले. वरून ते मला एकदम म्हातारे दिसले.

"घरी चल."

"पंचनामा झाल्यावर येते."

"माझं नाव येतंय त्यात. समजतंय का तुला?"

"समजतंय. माझंबी येणार हाय. मी सांगितलंय, वार कुणी सांगितला ते."

रविराज म्हणाला, "काका, तुमी ओढून काढा तिला, तुमचंच ऐकंल." आबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला ओळखता येईना. आज इतक्या वर्षांनी मला त्यांची भीती वाटली तीही याचीच, की हा माणूस आता काय करेल ते मला सांगता येत नाही.

मग त्यांनी मान न वळवता म्हणलं, "मशीन बंद कर बे."

"काका..."

"बंद कर म्हणलं ना!"

इंजिन बंद झालं. आबा बाभळीखाली बसले. मी आतच भाकरी खाल्ली. त्यांना विचारलं, खाता का. ते नाही म्हणाले.

दोन वाजता पोलीस आले. चर मोजला, पाचट पिशवीत घातलं, फोटो काढले. आबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "खणायला मी अडवलं न्हाई. पाचट मी टाकलं." एवढंच बोलले. पण बोलले. रविराज म्हणाला, मला काही माहीत नाही. त्याच्याबरोबर ड्रायव्हरलाही नेलं.

मग आम्ही चर बुजवला. मी, धुळाजी आणि त्याची सून सत्यभामा. आबांना पोलिसांनी दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं होतं, ते उठून घरी गेले होते.

आता गुन्हा दाखल झालाय. आबा जामिनावर आहेत, रविराजही. वाळू तीन दिवस बंद आहे, तहसीलची माणसं येऊन गेली. किती दिवस बंद राहील यावर माझा भरवसा नाही. गावात माझ्याशी बोलणारी दोन-तीनच घरं उरलीत. परवा हरभऱ्यात कुणीतरी गुरं सोडली होती. चुकून सुटली म्हणतात.

मी आखाड्यावर राहायला आलेय. आबा घरी. भाकरी दोघांची करते, त्यांची धुळाजीच्या हाती पाठवते. काल डबा परत आला तेव्हा धुतलेला होता. पूर्वी कधी धुतला नव्हता त्यांनी.

विश्वेश्वरचं दुसरं ऑपरेशन झालं. रुद्राणीनं फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला.

जबाब झाल्यावर जमादारांनी विचारलं, आरोपीच्या कोण? म्हणलं, बायको. जखमीच्या कोण? कुणीच नाही. मग म्हणाले, तुम्ही घरात राहत नाही, तर तुम्हाला निरोप द्यायचा झाला, काही बरंवाईट झालं, तर कळवायचं कुणाला? जवळच्या माणसाचा नंबर द्या.

मी तुझा दिला. पाठच होता. तुला विचारलं नाही, विचारायला फोन करायचा नव्हता.

कोर्टाच्या तारखेला ये असं मी म्हणत नाही. पण ठाण्यातून फोन आलाच तर उचल. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकून घे. राँग नंबर म्हणून ठेवू नको, एवढंच.

आई